सून काय करते?

आमच्या सासूबाईंना एक थोरली बहीण आहे. घरात सगळे त्यांना मावशी म्हणतात. मावशींना दोन सुना, एक डॉक्टर आणि एक बँकेत. हे मी मुद्दाम सांगत नाही, मावशी सांगतात. दर रविवारी फोनवर सांगतात, आणि तो फोन आमच्याकडे स्पीकरवर असतो, कारण कानाला लावला की सासूबाईंचा कान दुखतो. त्यामुळे माझी किंमत काय, ते मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकायला मिळतं.

"तुझी सून काय करते गं नेमकं?" मावशी विचारायच्या.

सासूबाई म्हणायच्या, "ती सांगते."

"काय सांगते?"

"काय करायचं ते. मोठमोठ्या कंपन्यांना."

"मग त्या करतात का तसं?"

यावर सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी भाजीकडे.

आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? मी सल्लागार कंपनीत होते. चांगल्या हुद्द्यावर होते. बिस्किटांच्या कारखान्यापासून इस्पितळापर्यंत सगळ्यांना मी सल्ले दिलेत. काचेच्या खोलीत पडदा लावायचा, पडद्यावर चौकोन काढायचे, एका चौकोनातून बाण निघून दुसऱ्यात गेला की समोरचे साहेब लोक माना डोलवायचे. शेवटी टाळ्या, चहा, आणि आम्ही पुढच्या कंपनीत. मागे त्या बाणांचं काय झालं हे कुणी कळवायचं नाही. एकदा मीच न राहवून बिस्किटवाल्यांना फोन केला. "तुमचा अहवाल ना? अहो, अगदी जपून ठेवलाय!" ते म्हणाले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता म्हणे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अशात एका कामासाठी मला गावाबाहेर सूर्यावर चालणारा पाण्याचा पंप बघायला नेलं. मी वही-पेन सरसावून उभी. तिथल्या माणसाने बटण दाबलं, आणि पाणी आलं. बस, एवढंच. कुणीतरी काहीतरी केलं, आणि ते झालं! माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. बरोबरचे लोक म्हणाले, धूळ गेली असेल.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मी नोकरी सोडतेय. सूर्याच्या विजेच्या धंद्यात जातेय."

"नीट विचार केलास?"

"केला."

"चौकोन काढून?"

"नाही. तसाच."

"मग बरोबर असेल," तो म्हणाला आणि पुन्हा क्रिकेट बघायला लागला. माझ्या नवऱ्याचे गुण फारसे कुणाला माहीत नाहीत, पण आहेत.

सासूबाईंना मात्र धक्का बसला. "म्हणजे आता सांगायचंसुद्धा नाही?" त्या म्हणाल्या. येत्या रविवारी मावशींना काय उत्तर द्यायचं ही त्यांना मोठीच काळजी. मी शांतपणे, उदाहरणं देऊन, सौरऊर्जा म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं. रविवारी फोन आला. मी कान टवकारले.

"ती आता उन्हात असते," सासूबाई म्हणाल्या.

"उन्हात?"

"हो. कंपनीच उन्हाची आहे."

"अरेरे," मावशी म्हणाल्या, आणि पुढचा सगळा वेळ डॉक्टर सुनेच्या नव्या दवाखान्याविषयी बोलल्या.

नवीन कंपनी टायरच्या दुकानावर, एका खोलीत होती. मालकांना सगळे दादा म्हणत. दादांनी माझी सगळी माहिती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला बोलता फार छान येतं. आता एक गच्ची आणा."

"गच्ची?"

"प्रोबेशन संपायच्या आत एक गच्ची आली, वर पॅनेल बसले, खाली वीज आली, की तुम्ही आमच्या. नाही आली, तर आपण चांगले मित्र."

"पण गच्ची आणू कुठून?"

दादांनी बोटाने माझ्या डोक्याच्या वर दाखवलं. "राहता ना कुठेतरी? त्याच्यावर असेल की."

इकडे जुन्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंचा निरोप होताच, की तुझी खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही, हौस फिटली की ये. हौस! त्या एका शब्दासाठी मी आमच्या इमारतीची गच्ची जिंकून दाखवायची प्रतिज्ञा केली.

आमची इमारत पाच मजली. लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची. कुठल्याही मजल्यावर जाळी बोटभर उघडी राहिली तरी ती जागची हलत नाही, आणि चालती असली तर मधेच थांबते. तिसऱ्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर राहतात, ते जाळी कधीच नीट लावत नाहीत. त्यामुळे आमच्या जिन्यात दिवसभर "मास्तर, दरवाजाऽऽ!" अशी हाक घुमत असते. त्यात दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या अध्यक्षांनी लिफ्टचं वीजबिल फार येतं म्हणून दुपारची लिफ्टच बंद केली. अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात हे वेगळं सांगायला नकोच.

आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि सासूबाईंचे गुडघे गेलेले. सकाळी त्या लिफ्टने वर जाऊन गच्चीवर कपडे वाळत घालतात, आणि लिफ्ट बंद व्हायच्या आत घरात येतात. मावशींचेही गुडघे तसलेच. त्यांना त्यांचा मुलगा सोडायला येणार तो दुपारीच, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, एरवी त्याला सवड नाही. म्हणजे एकाच शहरात राहणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोन वर्षांत मावशींचं पाऊल आमच्या घराला लागलेलं नाही. जे काय ते रविवारी, स्पीकरवर. सासूबाई याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. फक्त फोन ठेवला की थोडा वेळ तो हातात धरून बसतात.

तेव्हा गणित अगदी सोपं होतं. गच्चीवर पॅनेल बसले की भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, लिफ्ट त्या उन्हावरच चालेल. बिलाचा प्रश्न मिटला. दादांना गच्ची, मला नोकरी, सासूबाईंना बहीण. मी मनातल्या मनात चौकोन काढले. बाण सुंदर जुळत होते.

आता आमच्या सल्लागारीत एक पक्का रिवाज आहे. मीटिंगमध्ये कधीही कुणाला पहिल्यांदा काही सांगायचं नाही. आधी प्रत्येकाला एकेकटं गाठायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, त्याला हवं ते देऊन टाकायचं, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही. या रिवाजावर माझी अर्धी कारकीर्द उभी होती. मी निघाले.

पहिले अध्यक्ष. ते म्हणाले, "पॅनेलला माझा विरोध नाही. पण सकाळचा व्यायाम मी गच्चीवर करतो, पूर्वेकडे तोंड करून. हात पसरायला जागा लागते." मी त्यांच्या पसरलेल्या हातांकडे बघितलं. हात लांब होते. "पूर्वेची बाजू तुमची," मी म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावर कुंडीकाकू. त्यांच्या घरात माणसं दोन आणि कुंड्या अगणित. "माझ्या झाडांवर सावली आली तर ती रुसतील गं," त्या म्हणाल्या. मी पश्चिमेची बाजू झाडांना दिली. काकूंनी माझ्या गालाला हात लावला आणि जाताना एक कोरफड दिली.

मास्तरांनी मला नकाशा काढून सूर्य कुठून उगवतो ते समजावलं. तासभर समजावलं. मग म्हणाले, "मी गच्चीच्या मध्यभागी दुर्बीण लावणार आहे. लवकरच." ही दुर्बीण ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून लावणार आहेत. पण ग्राहकाच्या स्वप्नाला हसायचं नाही, हाही आमच्यातला रिवाज. मध्यभाग मास्तरांना गेला.

पाचव्या मजल्यावरच्या काकांना आम्ही गळतीकाका म्हणतो. जगातल्या कुठल्याही गोष्टीने त्यांचं छत गळू शकतं. "माझ्या बेडरूमवर एक खिळासुद्धा ठोकायचा नाही," ते म्हणाले. "बरं," मी म्हटलं. "हॉलवर पण नाही." "बरं." उत्तरेची बाजू अशी गेली.

राहता राहिली दक्षिणेची बाजू. तिथे सासूबाईंची कपड्यांची दोरी. पण सासूबाई म्हणजे आमच्याच, घरच्या माणसाला वेगळं काय विचारायचं? शिवाय कुंडीकाकूंच्या वेलाला आणखी थोडी जागा हवी होती, आणि अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना योगासनं करायची होती, म्हणून दक्षिणेतलाही बराचसा भाग मी दिलदारपणे वाटून टाकला.

मीटिंग झाली. ठराव एकमताने पास! आमच्या सोसायटीत गेटच्या रंगावरून लोक तीन मीटिंगा भांडले होते. इथे चहा गार व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर. अध्यक्ष म्हणाले, असा समंजसपणा मी पाहिला नाही. मी नम्रपणे मान खाली घातली. सासूबाई गुडघ्यांमुळे मीटिंगला नव्हत्या, याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

आता वीज कंपनीची परवानगी. मी तिथल्या खिडकीवर रंगीत आलेखांची चळत ठेवली. कारकुनांनी ती न उघडता बाजूला सारली. "लिफ्टचा मीटर कुणाच्या नावावर आहे?"

"बिल्डरच्या असेल."

"त्यांची सही आणा."

"अहो, ते वारले." हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. गळतीकाकांनी त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतताही पाळायला लावली होती, पाईपांच्या तक्रारी वाचून दाखवायच्या आधी.

कारकुनांनी संगणकात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वारले असतील तर आम्हाला कळवलेलं नाही त्यांनी. गेल्या आठवड्यात स्वतःच्या घरच्या बिलावरून इथे येऊन भांडून गेलेत."

शोध घेत गेले, तर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे बिल्डर तळमजल्यावर झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. मला बघताच त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही त्या इमारतीतल्या ना? बसा. आधी सांगा, पाईपांबद्दल आलात का?"

मी नाही म्हटल्यावर त्यांना एवढं बरं वाटलं, की वाचल्याशिवाय सह्या केल्या. "ते वारल्याचं काय झालं," ते हळूच म्हणाले, "तुमच्या त्या पाचव्या मजल्यावाल्यांचा रोज फोन यायचा. एकदा मीच आवाज बदलून सांगितलं, की साहेब गेले. आता कृपा करा, मी आहे असं तिकडे बोलू नका." मी वचन दिलं. अशी वचनं द्यायची मला सवयच लागली होती.

खिडकीवर सही दिली तेव्हा कारकुनांनी चष्म्यावरून बघितलं. "वारले होते ना?"

"आता बरं आहे त्यांना," मी म्हटलं. त्यांनी शिक्का मारला.

मी तरंगतच घरी आले. दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीची मोजणीवाली टेप आणि खडू घेऊन येणार होती. ही मुलगी कामाला पक्की, पण बोलायला अगदी करवत. सकाळी आम्ही गच्चीवर गेलो, तर सगळी इमारत वर. मला वाटलं, कौतुकाने आले असतील. तसं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या जागेवर उभा होता. अध्यक्ष पूर्वेला हात पसरून, सौभाग्यवती सतरंजी टाकून, काकू कुंड्यांच्या रांगेसह, मास्तर बरोब्बर मध्यभागी, आणि गळतीकाका उत्तरेला पाय रोवून.

मोजणीवालीने खडूने एकेकाची हद्द आखली. आखता आखता तिची मान माझ्याकडे वळायला लागली. मी आभाळाकडे बघत होते. शेवटी ती पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी राहिली. तिथे दिवसभर सावली असते आणि एक जुना कमोड पडलेला आहे.

"मॅडम, इथे एक पॅनेल बसेल," ती म्हणाली. "उभं धरून. कुणीतरी धरावं लागेल."

"पण मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले होते!"

"ते होच म्हणतायत," ती म्हणाली. "जागा कुणाकडेच नाही, एवढंच."

तेवढ्यात लिफ्टचा खडखडाट झाला आणि कपड्यांची बादली घेऊन सासूबाई आल्या. त्यांच्या दोरीखाली कुंडीकाकूंचा वेल पसरलेला, आणि शेजारी अध्यक्षांच्या सौभाग्यवती पाय वर करून उताण्या. सासूबाईंनी इकडे तिकडे बघितलं. "हे काय?"

"तुमच्या सूनबाईंनीच दिली आम्हाला जागा," काकू म्हणाल्या. "तुम्हाला बोलली नाही?"

सासूबाई बादली तशीच घेऊन लिफ्टमध्ये गेल्या. जाळीचा आवाज झाला तो मला अजून आठवतो.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! सासूबाई भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर मी दोन हात केले असते, पण त्या नुसत्या नीट वागायला लागल्या. "चहा हवा का?" "मीठ बेताचं आहे ना?" ओले कपडे घरभर खुर्च्यांवर लटकायला लागले. नवऱ्याची पँट टीव्हीवर. तो बाजूने वाकून क्रिकेट बघायचा, पण पँट उचलायची त्याची हिंमत नव्हती.

मी पुन्हा दारोदार हिंडले. थोडी जागा परत द्याल का? अध्यक्ष म्हणाले, आधी पश्चिम घ्या. काकू म्हणाल्या, आधी पूर्व घ्या. मास्तर म्हणाले, दुर्बिणीचं पुढल्या महिन्यात नक्की आहे. गळतीकाकांनी दार उघडून न ऐकताच "नाही" सांगितलं आणि लावलं. प्रोबेशन संपत आलं. दादांनी फोनवर आवाज मऊ केला, "मॅडम, होतं असं कधी कधी." तो मऊ आवाज ऐकून मला कळलं, की आता आपण चांगले मित्र होणार.

रविवारी दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. खुर्ची या महिन्याअखेर भरायची होती. मी बाल्कनीत जाऊन बोलले. "हो, विचार करते," म्हटलं. "सोमवारी कळवते." फोन ठेवून आत वळले, तर सासूबाई दारात. माझा चेहरा त्यांनी बघितला असावा, कारण त्या दिवसांत पहिल्यांदाच त्या नीट न वागता नेहमीसारखं बोलल्या.

"परत जाणारेस का गं तिकडे? सांगायला?"

मी सवयीने सुरुवात केली. एकंदर परिस्थिती बघता, एका बाजूला असं, दुसऱ्या बाजूला तसं... आणि मधेच मला हुंदका आला. मोठ्या माणसाला शोभेल असा नाही. चांगला नाक गळणारा.

"आई, मी इतकी वर्षं लोकांना सांगितलं आणि त्यातलं एकही कधी झालेलं मी बघितलं नाही. मला एकदा, फक्त एकदा, काहीतरी झालेलं बघायचंय. तुमची बहीण दुपारी लिफ्टने वर यावी एवढंच मोठं. पण मी सगळ्यांना विचारलं आणि तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही हो म्हणाल असं धरूनच चालले. चुकलं माझं."

सासूबाईंनी खुर्चीवरचा एक टॉवेल काढून माझ्या हातात दिला. दमट होता. "एवढं सरळ बोलता येतं तुला," त्या म्हणाल्या, "मग ते चौकोन कशाला काढत बसतेस?"

"आई..."

"दोरीचं मला काही नाही. मी काय, बाल्कनीत वाळत घालीन. पण त्या काकूला माहीत आणि मला नाही? वाईट वाटलं मला."

"हो."

"ताई येईल म्हणालीस ना दुपारी? खरंच चालेल लिफ्ट?"

"ऊन असेल तर पळेल."

सोमवारी सकाळी त्यांनी मला बरोबर घेतलं. गच्चीवर सगळी मंडळी हजर होती, कारण हल्ली कुणी आपली हद्द सोडून खाली जायला तयारच नसायचं. सासूबाई सरळ दक्षिणेला गेल्या. दोरीच्या गाठी फार जुन्या, सुटेनात. त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री आणली होती. एका टोकाला कापली, दुसऱ्या टोकाला कापली, आणि दोरी हातावर गुंडाळायला लागल्या.

"अहो, हे काय करताय?" अध्यक्ष म्हणाले. त्या दोरीला आजवर कुणी हात लावायला धजावलं नव्हतं.

"माझी जागा पॅनेलला दिली," सासूबाई म्हणाल्या. "माझी बहीण दोन वर्षं माझ्या घरी आलेली नाही. तुम्ही दुपारी लिफ्ट बंद केलीत, तेव्हा मी काही बोलले नाही. आता बोलते. सून माझी आहे, काम तिचं आहे, आणि मला माझी बहीण हवी आहे. तुम्हाला हात पसरायचे ते घरात पसरा."

मग त्यांनी वेलाकडे बघितलं. नुसतं बघितलं. कुंडीकाकूंनी निमूटपणे पहिली कुंडी उचलली. "तुमच्याही पोरी दुपारीच येतात ना भेटायला?" सासूबाई म्हणाल्या. "जिना चढून धापा टाकतात बिचाऱ्या." काकूंनी दुसरी कुंडी उचलली. सौभाग्यवतींनी सतरंजी गुंडाळली आणि ती अध्यक्षांच्या पसरलेल्या हातावर टाकली. मास्तर म्हणाले, दुर्बीण तशी मला जिन्यातूनही लावता येईल. गळतीकाका मात्र हटेनात. पण मी मोजणीवालीला फोन लावून दिला आणि तिने त्यांना हिशेब सांगितला, की दक्षिण आणि मध्यभाग मिळाला तर तुमच्या छताला बोटही लावणार नाही. तेव्हा त्यांना जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं.

मोठ्या बाईंना मी त्याच दिवशी 'नाही' कळवलं. पॅनेल बसले. बसताना एक कुंडी फुटली, अध्यक्षांच्या डोक्यावर एक नट पडला, आणि खाली अर्थिंगची तार पुरायला खोदताना असा एक पाईप सापडला की गळतीकाकांनी पुन्हा बिल्डरच्या आठवणीने दात-ओठ खाल्ले. मी वचनाला जागून गप्प राहिले. मास्तरांनी सगळ्यांना पटवून दिलं, की ढग आला की लिफ्ट मधेच थांबणार. तसं काही नसतं, ऊन नसेल तेव्हा नेहमीची वीज येते, हे मी प्रत्येक दारी जाऊन सांगितलं. पण माझं सांगणं कधी कुणी ऐकलंय? अजूनही आमच्याकडे लोक आधी जिन्याच्या खिडकीतून आभाळ बघतात आणि मग लिफ्टचं बटण दाबतात.

मावशी आल्या त्या दुपारी ऊन कडक होतं. आता मी दादांच्या कंपनीत कायम झाले होते, मुद्दाम सुट्टी घेतली होती. सासूबाई बहिणीला घ्यायला स्वतः खाली गेल्या, भर दुपारी, लिफ्टने. जाताना केस नीट केले, ते मी बघितलं. मी चौथ्या मजल्यावर जाळीपाशी उभी. खालून दोघींचा आवाज, मग जाळी लागल्याचा आवाज, मग लिफ्ट निघाल्याची घरघर. ती घरघर पहिल्या मजल्यावरून वर आली, दुसऱ्यावरून वर आली.

आणि थांबली.

"गेला का सूर्य?" मास्तरांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून आला. ते चपला घालून कुठेतरी निघाले होते. खाली अध्यक्षांचं दार उघडलं. "मी म्हटलंच होतं!" कुंडीकाकूंनी "अगो बाई, ढग!" म्हणून ओरडा केला. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. दोन वर्षांनी बहीण आली, आणि मी दोघींना मधेच लटकवलं.

लिफ्टमधून मावशींचा घाबरलेला आवाज आला, "अगं, बंद पडली गं! आता काय करायचं?"

"काही नाही व्हायचं," सासूबाईंचा आवाज. ठणठणीत. "माझी सून आहे वर."

"ती काय करणार?"

"अगं, लिफ्ट तीच चालवते."

मी ऐकलं. दोन पदव्या घेतल्या, काचेच्या खोल्यांमध्ये आयुष्य घालवलं, त्याचं हे फळ. मी जिन्याने खाली धावत सुटले. तिसऱ्या मजल्यावर जाळी बोटभर उघडी, आणि शेजारी मास्तर आभाळ बघत उभे. मी दोन्ही हातांनी जाळी ओढली आणि खटकन लावली.

लिफ्ट हलली. माझ्या नाकासमोरून जाळीआड दोघी वर गेल्या, एकमेकींचा हात धरून. मावशी माझ्याकडे तोंड वासून बघत होत्या. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे बघितलंही नाही. त्या बहिणीकडे बघत होत्या.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या.